नकाराच्या पत्रालाही उत्तर असतं

विमा कंपनीचं पत्र आलं की बहुतेक माणसं त्यातलं एकच वाक्य वाचतात: दावा मंजूर करता येत नाही. मग कागद फाइलीत जातो, फाइल कपाटात जाते आणि घरातले दागिने गहाण पडतात. मी पुण्यातल्या एका छोट्या रुग्णालयात मेडिक्लेम डेस्क सांभाळते. आमच्याकडे फक्त हाताच्या शस्त्रक्रिया होतात. तुटलेली बोटं जोडणं, कापलेल्या रक्तवाहिन्या आणि नसा शिवणं, भाजून आखडलेले हात मोकळे करणं. असं काम करणारे डॉक्टर मोजके आहेत, आणि आमचं रुग्णालय बहुतेक विमा कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये नाही. त्यामुळे नकाराची आणि कपातीची पत्रं माझ्या टेबलावर रोजच असतात. त्यातली काही बरोबर असतात. पण पुष्कळशी नीट उत्तर गेल्यावर बदलतात, हे मी पाहिलं आहे. लोकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते आहे.

नेटवर्क म्हणजे करार. रुग्णालय आणि विमा कंपनी आधीच दर ठरवून घेतात, पेशंट दाखल झाला की बिल परस्पर जातं. नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयाशी असा करार नसतो. म्हणून कॅशलेस मिळत नाही. आधी पैसे भरायचे आणि मग कागद लावून परत मागायचे. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' ही सोय आणली. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी, आणि तातडीने दाखल व्हावं लागलं तर दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. सोय चांगली आहे, पण त्यासाठी रुग्णालयाचीही तयारी लागते आणि कंपनीची मंजुरीही. मी प्रत्येक नातेवाइकाला ती मागायला लावते. नाही मिळाली तरी आपण वेळेत कळवलं होतं, याचा पुरावा हातात राहतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही. टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने कागद तपासणाऱ्या संस्थेकडून, 'कॅशलेस डिनाइड' असा मेसेज आला की माणसं खचतात आणि पुढचा अर्जच करत नाहीत. टीपीएला दावा फेटाळण्याचा अधिकार नाही. तो निर्णय विमा कंपनीनेच घ्यायचा असतो. मे २०२४ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने परिपत्रक काढून सांगितलं की, कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय आरोग्य विम्याचा कोणताही दावा फेटाळता येणार नाही. आणि पूर्ण नाकारला किंवा थोडा कापला, तरी पॉलिसीच्या कोणत्या अटीवरून तसं केलं, ते स्पष्ट लिहून द्यावं लागेल. सगळी लढाई या शेवटच्या वाक्यावर उभी आहे.

कारण वाचा, मग लिहा

जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. दोन बोटं तुटून पडली. गावातल्या डॉक्टरांनी शहाणपणाने ती स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि ती पिशवी बर्फावर ठेवून पाठवली. बर्फ थेट लागला असता तर बोटं गेली असती. रात्री शस्त्रक्रिया सुरू झाली ती पहाटेपर्यंत चालली. दोन्ही बोटं वाचली.

कुटुंबाची पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले होते. बिल पावणेतीन लाखांचं झालं. कंपनीने एक लाख दहा हजार दिले आणि बाकीची रक्कम 'वाजवी आणि प्रचलित खर्चापेक्षा जास्त' म्हणून कापली. त्यांची बायको ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. "ताई, आम्ही जास्तीचं कुठे काय घेतलं? जनरल वॉर्डातच होतो ना!" तिने घरी बसून कंपनीला लिहिलेलं पत्रही आणलं होतं. कर्ज किती झालं, मुलं किती लहान आहेत, हंगाम कसा हातचा गेला, सगळं त्यात होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण कंपनीने जो मुद्दा काढला होता, त्यावर एक ओळही नव्हती.

इथेच बहुतेक अपिलं फसतात. पत्रात जे कारण दिलं आहे त्याचंच उत्तर द्यायचं असतं. आम्ही पॉलिसीची पुस्तिका काढली आणि व्याख्यांच्या पानावर 'वाजवी आणि प्रचलित खर्च' कशाला म्हणतात ते वाचलं. ही व्याख्या नियामकाने ठरवून दिलेली आहे, त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत ती सारखीच असते. तिचा आशय असा: त्या विशिष्ट रुग्णालयाचे नेहमीचे दर, जे त्या भागात तशाच उपचारांना चालू असलेल्या दरांशी जुळतात, आणि हे ठरवताना दुखापतीचं स्वरूप लक्षात घ्यायचं. म्हणजे तीन गोष्टी दाखवायच्या होत्या. आमचं छापील दरपत्रक लावलं, म्हणजे या पेशंटला वेगळा दर लावला नव्हता हे दिसलं. शहरातल्या अशाच शस्त्रक्रिया करणाऱ्या दुसऱ्या दोन रुग्णालयांकडून लेखी अंदाजपत्रकं मागवली. आणि दुखापतीचं स्वरूप सांगायला ऑपरेशन नोट होती.

ती नोट आमच्या डॉक्टरांनी मनापासून लिहिली होती. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बोटात कोणत्या रक्तवाहिन्या जोडल्या, कोणत्या नसा शिवल्या, सुरुवात रात्री किती वाजता, शेवट पहाटे किती वाजता, भूलतज्ज्ञ कोण, मदतीला कोण. डिस्चार्ज समरीत मात्र घाईने एकच ओळ पडली होती: 'हाताच्या जखमेची दुरुस्ती'. कंपनीने ती ओळ वाचली आणि नेटवर्कमधल्या साध्या दुरुस्तीचं पॅकेज लावून मोकळी झाली.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने जुनंच उत्तर परत पाठवलं. प्रकरण विमा लोकपालांकडे गेलं. सुनावणी व्हिडिओ कॉलवर झाली. त्या बाई आमच्याच डेस्कवरून बोलल्या. लोकपालांनी कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं, मंजूर केलेला आकडा कोणत्या रुग्णालयाच्या, कोणत्या शस्त्रक्रियेच्या दरावरून काढला? त्यावर समोर आलेलं पॅकेज स्नायुबंध शिवण्याचं होतं, बोट जोडण्याचं नव्हतं. हातमोजे, नोंदणी शुल्क अशा पॉलिसीत न बसणाऱ्या बाबी वगळून बाकीची रक्कम देण्याचा निवाडा झाला.

नकाराची नेहमीची कारणं

नेटवर्कबाहेरच्या दाव्यांत कारणं फिरून फिरून तीच येतात. एक कारण रुग्णालयाच्या व्याख्येचं. पॉलिसीच्या भाषेत, दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० आणि इतर ठिकाणी किमान १५ खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रोजच्या नोंदी असल्या तर ते रुग्णालय. पण हे निकष बघायची वेळ येते ती रुग्णालयाची स्थानिक यंत्रणेकडे नोंदणी नसेल तेव्हा. म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र दाखल होतानाच मागून घ्या. ते मागण्यात संकोच कसला?

दुसरं कारण खोलीच्या भाड्याचं. पॉलिसीत भाड्याला मर्यादा असेल आणि खोली महागडी घेतली तर डॉक्टरांची फी वगैरे त्या प्रमाणात कापतात. पण औषधं, शरीरात बसवलेले इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत तिथे ही कपात लागूच होत नाही. आमच्याकडे जनरल वॉर्ड असो की स्वतंत्र खोली, शस्त्रक्रियेचा दर एकच आहे. तसं लेखी पत्र मी मागितल्याबरोबर देते, आणि त्या एका पत्राने कपात मागे घेतलेली पाहिली आहे.

तिसरं कारण 'फक्त तपासणीसाठी दाखल झाले होते' हे. प्रमाणित वगळणुकींच्या यादीत त्याचा क्रमांक चौथा. इथे नर्सिंगचा चार्ट, शिरेतून दिलेली औषधं, दर काही तासांनी घेतलेल्या नोंदी कामी येतात. इनडोअर केस पेपरची पूर्ण प्रत मागून घ्या. तो पेशंटचा हक्क आहे.

चौथं कारण कठीण आहे. काही रुग्णालयं कंपन्यांनी वगळलेली असतात आणि त्यांची यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. नेटवर्कमध्ये नसणं वेगळं आणि वगळलेल्या यादीत असणं वेगळं. यादीतल्या रुग्णालयात ठरवून शस्त्रक्रिया केली तर दावा मिळत नाही. अपघातात किंवा जिवावरच्या प्रसंगात मात्र पेशंट स्थिर होईपर्यंतचा खर्च द्यावा लागतो. एक आजोबा गुडघ्याची शस्त्रक्रिया अशाच एका ठिकाणी करून आले आणि नंतर सल्ल्याला आले. मी त्यांना अपील करा असं सांगितलं नाही. खोटी आशा दाखवणं म्हणजे माणसाला दुसऱ्यांदा लुबाडणं. ठरवून उपचार करायचे असतील तर आधी ही यादी बघा. आणि नेटवर्कबाहेर उपचार घेतल्यास काही टक्के वाटा तुम्ही उचलायचा, अशी अट आपल्या पॉलिसीत आहे का, तेही बघा.

तातडीच्या वेळी तज्ज्ञ असेल तिथे जावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिवकांत झा यांच्या प्रकरणात हेच सांगितलं. ते केंद्र सरकारचे निवृत्त अधिकारी. यादीत नसलेल्या खासगी रुग्णालयांत उपचार घेतले म्हणून त्यांच्या बिलांची पूर्ण भरपाई झाली नव्हती. उपचार खरोखर झाले आणि त्यांची गरज होती, एवढं सिद्ध झालं की केवळ रुग्णालय यादीत नाही म्हणून हक्क नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तो निकाल सरकारी योजनेचा आहे. खासगी पॉलिसी हा करार असतो, त्यामुळे निकाल जसाच्या तसा लागू होतो असं मी कुणाला सांगत नाही. पण जवळच्या नेटवर्क रुग्णालयात हा तज्ज्ञ का नव्हता, पेशंट का हलवता आला नाही, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायला मी आवर्जून सांगते.

पायऱ्या

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याला लेखी तक्रार करायची आणि पोच जपायची. त्याच वेळी नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंद करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर लोकपाल. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही आणि वकील आणायला परवानगीच नाही. त्यामुळे कंपनीच्या माणसासमोर शेतकऱ्याची बायकोही बरोबरीने बसते. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तीस दिवसांत पाळावा लागतो. आपल्याला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. मात्र आयोगात किंवा कोर्टात प्रकरण आधीच चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत आहे; गोव्याची प्रकरणंही याच कार्यालयाकडे येतात.

कंपनी सुनावणीत नवीनच कारण काढू लागली तर गप्प बसू नका. नकारपत्रात जे कारण लिहिलं नव्हतं, ते नंतर बचावासाठी पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सौराष्ट्र केमिकल्स' प्रकरणात सांगितलं आहे.

हे सगळं पेशंटच्या माणसांनी शिकावं असं मला वाटतं, पण सगळा भार त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. आमच्यासारख्या रुग्णालयांनी डिस्चार्ज समरी घाईत लिहिणं थांबवायला हवं. डॉक्टरांनी टाळलेल्या दोन ओळींची किंमत एखादं कुटुंब दोन वर्षं व्याजाने फेडतं. विमा कंपन्यांकडूनही माझी मागणी साधी आहे. 'वाजवी खर्च' म्हणून पैसे कापायचे असतील तर तो आकडा कोणत्या रुग्णालयाच्या, कोणत्या शस्त्रक्रियेच्या, कोणत्या वर्षीच्या दरावरून काढला, हे त्याच पत्रात लिहा. आज हे लोकपालांनी विचारल्यावर सांगता, ते पेशंटला पहिल्याच दिवशी सांगा. मग कित्येकांना अपील करण्याची वेळच येणार नाही. आणि तोवर, पत्र आलं की फाइलीत ठेवू नका. त्यातली अट शोधा, पॉलिसीत ती शब्दश: वाचा आणि तिलाच कागदाने उत्तर द्या.