हवेचा दाब आणि आवाजाचा मोठेपणा

श्रोतेहो, या क्षणी आपल्या उघड्या तळहातावर सुमारे पाऊणशे किलोग्रॅमचा भार आहे, असे सांगितले तर आपणांस हसू येईल. परंतु ते सत्य आहे. समुद्रसपाटीस हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका दाब देते. हात खाली जात नाही, कारण तितकाच दाब खालूनही असतो. हवेचे असंख्य रेणू अतिशय वेगाने इतस्ततः धावत असतात. त्यांच्या अखंड आघातांचा परिणाम म्हणजेच हा दाब होय.

आता तबल्यावर थाप पडली अशी कल्पना करा. कातडे बाहेर आले की लगतची हवा दाटते, आत गेले की विरळ होते. दाबाचे हे चढउतार पुढे पुढे सरकत कानापर्यंत येतात; त्यांनाच आपण ध्वनी म्हणतो. रॉबर्ट बॉईल याने काचपात्रात घड्याळ टांगून आतील हवा काढून घेतली, तेव्हा टिकटिक ऐकू येईनाशी झाली. हा प्रयोग त्याने 1660 साली प्रसिद्ध केला.

चढउतार जितके मोठे, तितका आवाज मोठा. तथापि ते असतात किती? साध्या संभाषणात हवेच्या दाबात पडणारा फरक मूळ दाबाच्या पन्नास लाखांश इतकाच असतो. कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात तर तो पाच अब्जांश असतो! उलट, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजातही तो पाच हजारांशाच्या आसपास असतो.

एवढा मोठा पल्ला मोजण्यासाठी डेसिबल हे माप योजतात. त्याची पायरी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते. कानाला मात्र आवाज साधारण दुप्पटच वाटतो. येथेच आपली फसगत होते. तीन डेसिबलची वाढ जेमतेम जाणवते, पण कानावर पडणारी शक्ती तेवढ्यात दुप्पट झालेली असते. म्हणून कामगारांच्या आरोग्यासाठी सुचविलेली एक मर्यादा अशी आहे : 85 डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास, 88 चा चार तास, आणि 100 चा अवघी पंधरा मिनिटे.

अंतःकर्णातील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा मिरवणुकीत ध्वनिवर्धकासमोर लेकरांना उभे करू नका. दोन मीटरांवरून चार मीटरांवर गेलात, तरी मोकळ्या जागी सुमारे सहा डेसिबल कमी होतात.