कासवाला सोबत हवी का?

घरात कासव आलं की पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी, बहुधा मुलंच, विचारतात: याला एकट्याला करमत असेल का? प्रश्न मायेपोटी येतो. एकटं राहणाऱ्याला सोबत मिळवून द्यावी, ही आपली रीतच आहे. पोपट थव्यात राहणारा, ससा कळपातला; त्यांना सोबत लागते हे खरंच आहे. म्हणून कासवालाही लागत असणार असं धरून चालतो आणि दुसरं कासव आणतो. या समजुतीची झळ मुक्या जिवाला बसते, आणि ती बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे मी बोलतो आहे ती जमिनीवरची कासवं. ब्रिटन आणि युरोपात घरोघरी पाळली जातात ती भूमध्य समुद्राकाठची हर्मन आणि स्पर-थाय्ड, आणि मध्य आशियातलं हॉर्सफील्ड. भारतातल्या रानकासवांबाबत हा प्रश्न उरतच नाही. आपलं पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, २०१९ पासून वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ते लक्ष्मी येईल म्हणून का ठेवलेलं असेना. अमेरिका-युरोपात राहणाऱ्या मराठी घरांत मात्र कायदेशीर कासव असू शकतं, आणि तिथे हा विचार नीट करावा लागतो.

सुरुवात जन्मापासून करू. मादी मऊ मातीत खड्डा उकरते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिल्लं उन्हाच्या उबेवर वाढतात आणि बाहेर पडतात तेव्हा त्यांची वाट पाहणारं कुणी नसतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हर्मन आणि स्पर-थाय्ड यांच्याच गटातल्या पाच जातींची नुकती जन्मलेली पिल्लं तपासली. ओळखीचं पिल्लू समोर आलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष झालं; अनोळखी आलं तर ती त्याच्यापासून लांब गेली. रानात प्रत्येकाचा चरण्याचा, ऊन खाण्याचा, दडण्याचा टापू असतो. वाटा एकमेकींना छेदतात, पण ‘बरोबर राहणं’ असं त्यात काही नसतं.

दोन कासवं भेटतात तेव्हा काय होतं, हे जाणून घेण्यासारखं आहे. दोन नर भेटले तर झुंज होते. कवचावर कवच आपटतं आणि एक जण दुसऱ्याला उलथवायला बघतो. भर उन्हात उताणं पडलेलं आणि सरळ होता न आलेलं कासव मरूही शकतं. नर आणि मादी भेटले तर नर तिच्याभोवती फिरतो. स्पर-थाय्ड नर तिला धडका देतो, हर्मन नर तिच्या पायांना चावतो. हेच त्यांचं प्रणयाराधन. रानात नको असेल तर मादी चालू लागते आणि झुडपात शिरते, पाठलाग संपतो. परसातल्या चार-सहा फुटांच्या वाफ्यात ती जाणार कुठे? तोच नर दिवसभर, आठवडेच्या आठवडे मागे लागतो. पायांना जखमा होतात, शेपटीपाशी सूज येते, ती खाणं सोडते आणि मातीत अंग पुरून राहते. घरच्यांना वाटतं, ही स्वभावानेच बुजरी आहे.

याचा अर्थ कासवाला दुसऱ्याचं भानच नसतं असा नाही. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या ॲना विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दक्षिण अमेरिकेतल्या रेड-फुटेड कासवांवर एक सुंदर प्रयोग मांडला. कुंपणाच्या पलीकडे खाऊ ठेवला. स्वतःहून एकालाही वळसा घालून तिथे पोचता आलं नाही, पण शिकवलेल्या कासवाला वळसा घालताना पाहिल्यावर इतरांना तो जमला. एकांतात राहणारा प्राणीही दुसऱ्याकडे पाहून शिकतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण दुसऱ्याकडे लक्ष जाणं वेगळं आणि त्याच्यावाचून झुरणं वेगळं.

मग ‘एकटेपणा’ म्हणून आपल्याला दिसतं ते काय? बहुतेक वेळा तीन गोष्टी दिसतात: कासव काचेला किंवा कुंपणाला घासत सारखं येरझाऱ्या घालतं, कोपऱ्यात माती उकरतं, किंवा दिवसभर निपचित पडतं. प्रत्येकीचं कारण सोबतीच्या आधी दुसरीकडे शोधावं.

येरझाऱ्या काचेच्या पेटीत जास्त दिसतात, कारण पलीकडचं दिसतं आणि आड येतं ते दिसत नाही. काचेला बाहेरून खालच्या भागात पुठ्ठा लावा किंवा लाकडी भिंतींची पेटी करा. फरक थोड्याच दिवसांत कळतो. जागा वाढवा आणि मोडून काढा: दगड, छोटा चढ, दाट झुडूप, सपाट खापरी, म्हणजे या टोकाकडून त्या टोकाचं दिसणार नाही. खाऊ एका बशीत न देता डँडेलियनसारखी रानपानं ठिकठिकाणी पेरा, म्हणजे ते चरत हिंडेल. वसंतात वयात आलेला नर मात्र जोडीच्या ओढीनेही फिरतो. ती ओढ हंगामाबरोबर ओसरते.

माती उकरणारी मादी असेल तर आधी अंड्यांचा विचार करा. नर नसतानाही ती अंडी घालते. ती फळत नाहीत, एवढंच. उकरायला खोल, उबदार, किंचित ओलसर माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि जिवावर बेततं. अशा वेळी सोबत नव्हे, पशुवैद्य लागतो.

निपचित कासवाच्या बाबतीत थर्मामीटर घ्या. दिव्याखालची ऊन खाण्याची जागा ३२ ते ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवी आणि दुसरं टोक थंड राहायला हवं. अतिनील किरणांची नळी प्रकाश देत राहते, पण किरण हळूहळू कमी होतात, म्हणून ती उत्पादक सांगेल त्या मुदतीत बदलावी. एवढं करूनही खाणं परतलं नाही तर तो आजार समजावा.

हे सगळं करून झाल्यावरही दुसरं कासव आणायचंच असेल, तर पहिलं काम नर की मादी हे ठरवणं. नराची शेपटी लांब आणि जाड, पोटाकडचं कवच आत दबलेलं. पण पिल्लांत हे दिसत नाही, कित्येक वर्षं जावी लागतात. मोठ्या कासवांतही फसगत होते. इंग्लंडमधल्या सेल्बोर्नचे निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांचं टिमथी नावाचं कासव मरेपर्यंत नर मानलं गेलं. ती मादी होती हे नंतर कळलं. इंग्लंडमधल्याच पॉवडरहॅम कॅसलमधलं दुसरं टिमथी १८५४ साली क्रिमियन युद्धात ब्रिटिश नौदलाच्या ‘क्वीन’ जहाजावर होतं. १९२६ साली जोडी जुळवायला गेले तेव्हा तीही मादी निघाली. ती २००४ साली वारली. म्हणून दोन पिल्लं एकत्र वाढवणारा कदाचित दोन नर वाढवत असेल, हे ध्यानात घ्यावं. एक नर-एक मादी ही जोडी सर्वांत वाईट. नर ठेवायचाच तर त्याच्याबरोबर किमान तीन माद्या आणि त्यांना पुरेल एवढी बाग हवी. दोन माद्यांचं त्यातल्या त्यात निभतं.

दुसरं काम रोगाचं. मायकोप्लाझ्मा हे जिवाणू आणि कासवांचा हर्पीस विषाणू वरून धडधाकट दिसणाऱ्या कासवात दडून असतात. एका जातीला सोसतो तो विषाणू दुसरीला मारतो, म्हणून जाती कधीच एकत्र करू नयेत. नव्याला वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांसह किमान सहा महिने ठेवावं, पशुवैद्याकडून तपासण्या करून घ्याव्यात आणि हात धुतल्याशिवाय एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ नये. कायदाही पाहावा. ॲरिझोनात वाळवंटी कासव दत्तक मिळतं, पण एका माणसाला एकच. कारण जोड्यांची पिल्लं इतकी होतात की त्यांना घरं मिळत नाहीत.

आधीच दोन एकत्र असतील तर ‘भांडत नाहीत’ एवढ्यावर समाधान मानू नका. एकमेकांवर चढून झोपणारी कासवं आपल्याला प्रेमळ वाटतात. ती बहुधा एकाच उबदार जागेसाठी आलेली असतात. एक जण दिव्याखाली बसतो आणि दुसरा कडेला राहतो. एक बशीशी आडवा होतो, दुसरा मागे फिरतो. आवाज नाही, रक्त नाही. दोघांची वजनं दर आठवड्याला वहीत लिहा. एकाचं वाढतंय आणि दुसऱ्याचं अडलंय असं दिसलं तर मधे आरपार न दिसणारी फळी घालून दोन घरं करा, प्रत्येकाला स्वतःचा दिवा, बशी आणि दडायची जागा द्या, आणि वजनं लिहिणं चालू ठेवा. अडलेलं वजन चढू लागलं तर फळी कायमची ठेवा.