गावची द्राक्षं, गावचं ताट

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या टिटवाळा स्टेशनबाहेर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. थॉमसन, सोनाका, काळी शरद... आपण दोन मणी तोंडात टाकतो, थोडी घासाघीस करतो आणि किलोभर घेऊन घर गाठतो. पण कसाऱ्याचा घाट ओलांडून गेलं की त्याच नाशिक जिल्ह्यात अशीही द्राक्षं पिकतात, जी कधी कुठल्या गाडीवर दिसत नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला अगदी नकोशी! ती सगळी जातात वायनरीत.

या द्राक्षांशी माझी ओळख झाली ती भाचीमुळे. ती नाशिकजवळच्या एका वायनरीत नोकरी करते. आलेल्या पाहुण्यांना बागेतून फिरवायचं, वाइन कशी होते ते सांगायचं, चव कशी ओळखायची ते दाखवायचं, हे तिचं काम. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी. पण गेल्या वर्षी तिचं जुळत आलेलं स्थळ फिरलं. ‘मुलगी दारूच्या धंद्यात आहे, आमच्यात चालणार नाही,’ असा निरोप आला. बहीण आठवडाभर नीट जेवली नाही. भाचीला मात्र परीक्षेची काळजी. इटलीच्या वाइन्सचा अभ्यास करायचा होता. ‘मावशी, चार दिवस तुझ्याकडे येते गं, घरी डोकं शांत राहत नाही,’ म्हणाली आणि वह्या घेऊन हजर झाली.

आमच्या जेवणाच्या टेबलावर इटलीचा नकाशा पसरला. माझ्या लेखी वाइन दोनच, लाल आणि पांढरी. तिच्या वहीत मात्र वीस प्रांत आणि प्रत्येकाची वेगळी द्राक्षं! आपल्याकडे मालवणचं माशाचं कालवण वेगळं, खानदेशातली शेवभाजी वेगळी, तसंच. वायव्येला पिएमोंते प्रांत. तिथलं द्राक्ष नेब्बिओलो, त्याची वाइन बारोलो. रंगाला फिकट पण चवीला चांगलीच तुरट. ती मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या मांसाबरोबर घेतात. व्हेनेतोकडे ग्लेरा द्राक्षाची बुडबुड्यांची प्रोसेक्को. लिगुरियाच्या किनाऱ्यावर वर्मेंतीनो ही पांढरी वाइन, सोबत मासे नाहीतर तुळशीच्या जातीच्या बेसिलची चटणी. टस्कनीत सांजोवेझे द्राक्ष, त्याची प्रसिद्ध वाइन कियांती. ही चवीला आंबटसर, म्हणून टोमॅटोच्या रश्शाशी तिचं जमतं. आणि खाली सिसिलीत नेरो दाव्होला ही काळी द्राक्षं. तिथली माणसं वांग्याची भक्त, अगदी आपल्यासारखी!

गावाचं नाव हीच खूण. कियांती म्हणवणारी वाइन कुठल्या शिवारात झालेली असावी, याची हद्द टस्कनीच्या ड्यूकने १७१६ मध्येच ठरवून दिली होती. पुढे १९६३ मध्ये इटलीत त्यासाठी देशभराचा कायदा आला. आपण रत्नागिरी हापूस किंवा घोलवडचा चिकू म्हणतो, त्यांना भौगोलिक मानांकन आहे, तसाच हा प्रकार. ‘नाशिक व्हॅली वाइन’लाही असं मानांकन मिळालेलं आहे, हे मला तेव्हाच कळलं.

आता हे सगळं मला समजावणार कसं? आमच्या घरात बाटली येत नाही आणि मी स्वतः घेतही नाही. भाची म्हणाली, ‘बाटली कशाला हवी? तुझं स्वयंपाकघर आहे ना!’

पहिला धडा तुरटपणाचा. तिने कोरा चहा चांगला उकळवून मला प्यायला दिला. जीभ अशी कोरडी पडली, जशी जांभळं खाल्ल्यावर पडते. मग चीजचा तुकडा खायला लावला आणि पुन्हा चहाचा घोट. तुरटपणा पार निवळला! लाल वाइनचा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून ती मटण, चीज अशा स्निग्ध पदार्थांबरोबर घेतात. दुसरा धडा आंबटाचा. कोथिंबीरवडीबरोबर कोकम सरबत घेतलं की तळणाचा तेलकटपणा कापला जातो. प्रोसेक्को किंवा आंबटसर पांढरी वाइन तळलेल्या सुरमईसोबत नेमकं हेच काम करते. तिसरा गोडाचा. श्रीखंडानंतर चहा अगोड लागतो, हे कुणा बाईला सांगायला नको. म्हणून गोडाबरोबरची वाइन त्या पदार्थाहून गोड हवी. पिएमोंतेची मोस्कातो दास्ती अशी गोड असते आणि तिच्यात अल्कोहोलही कमी, साधारण पाच टक्के. चौथा धडा तिखटाचा. ठेच्यावर गरम चहा प्यायलात तर तोंडाची आग वाढते. अल्कोहोलही तेच करतं. म्हणून आपल्या झणझणीत रश्शाशी कडक लाल वाइनचं भांडण, हलक्या आणि किंचित गोडसर पांढरीचं सख्य. ‘आणि मोदकाला?’ मी विचारलं. ‘मोदकाला तूपच, मावशी! महागणपतीच्या गावात दुसरं काय सांगणार?’

इटलीचं द्राक्ष आपल्या मातीत आलेलंही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली ही वायनरी आहे. इटालियनमध्ये ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरच्या भावांनी ती उभी केली. वाइन घडवायला टस्कनीहून पिएरो मासी आले आणि टस्कनीची सांजोवेझे सोलापूरच्या उन्हात पिकू लागली. पण तिथला वेल हिवाळ्यात झोपतो, आपला झोपत नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्याला वर्षात दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. इटलीत द्राक्षं उतरतात ऑगस्ट ते ऑक्टोबरात, आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. या छाटणी-काढणीत किती बायकांचे हात राबतात, ते बागेत गेल्यावरच दिसतं.

मैत्रिणींनो, ‘वाइन म्हणजे दारू नव्हेच’ असं मात्र मी म्हणणार नाही. भाचीही म्हणत नाही. साध्या वाइनमध्ये बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं. ‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला’ असं पूर्वी सर्रास छापून यायचं. पण अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही त्याने वाढतो. गरोदरपणात तर थेंबही नको. आणि नवऱ्याच्या बाटलीपायी ज्यांचे संसार मोडले, त्या आपल्याच गावागावांतल्या बायका. त्यांनी रांगा लावून ‘आडवी बाटली’ला मतं दिली आणि दुकानं बंद पाडली. त्यांच्यापुढे वाइनचं कौतुक सांगताना जीभ जरा अडखळलीच पाहिजे.

पण म्हणून त्या विषयाचं ज्ञान असलेली मुलगी वाईट कशी ठरते? भाची कामावर दिवसाला कित्येक वाइन्स चाखते, आणि घोट तोंडात घोळवून थुंकून टाकते. या धंद्याची ती रीतच आहे. तिला कुठल्या उतारावर कुठलं द्राक्ष पिकतं ते कळतं, माती कळते, हवामान कळतं, चव कळते. हेच सगळं एखाद्या मुलाला कळत असतं, तर ‘केवढा हुशार’ म्हणून त्याचे गोडवे गायले असते!

ती परीक्षा भाची पास झाली. बहिणीने पेढे वाटले, आणि ‘कशाचे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकीला न चाचरता खरं उत्तर दिलं. घ्यायची की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं उत्तर ‘नाही’ असंच राहील. पण घरात लग्नाच्या मुलीची चौकशी निघाली, तर ती कुठे काम करते एवढ्यावर थांबू नका. काय काम करते, तेही विचारा. निदान ऐकून तरी घ्या.