कुळांमधील हक्कविवाद (महाराष्ट्र)

कुळांमधील हक्कविवाद म्हणजे एकाच शेतजमिनीवर कूळ या नात्याने दोन किंवा अधिक कसणाऱ्यांनी सांगितलेल्या परस्परविरोधी हक्कांतून उद्भवणारे वाद होत. मालक आणि कूळ यांच्यातील संघर्षाइतकी त्यांची चर्चा झालेली नाही. तथापि, जमिनीची मालकी अखेर कोणाच्या घराण्यात जाणार, हे अनेकदा याच वादांवर अवलंबून असते.

== कायद्याची पार्श्वभूमी ==
कोकण, पश्चिम महाराष्ट्र व खानदेश या भागांना महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ लागू आहे. मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद कायदा, तर विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे. 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व १९५६ च्या दुरुस्तीने १९४८ च्या कायद्यात प्रत्यक्ष उतरले. कलम ३२ नुसार १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' जमीन कसणारे कूळ, काही अपवाद वगळता, त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पुढे कलम ३२ ग प्रमाणे खरेदीची किंमत ठरते आणि ती भरल्यावर ३२ म चे प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र खरेदीचा निर्णायक पुरावा मानले जाते.

== वादांची कारणे ==
कूळवहिवाट बहुधा तोंडी असे. खंडाची पावती क्वचितच मिळे. त्यामुळे ठरावीक दिवशी जमीन कोण कसत होते, हे सातबारा उताऱ्यावरील 'इतर हक्क' व पीकपाहणी यांतील नोंदींवरून शोधावे लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अशी नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते.

'''भाऊबंदकी''' : कुटुंबातील व्यक्तीच्या श्रमाने केलेली शेतीही कायद्याच्या दृष्टीने 'जातीने कसणे' ठरते. सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव आणि शेतात राबणारे सर्व भाऊ, अशी स्थिती असल्यास कूळ एकटा थोरला की संपूर्ण एकत्र कुटुंब, हा प्रश्न पुढच्या पिढीत उभा राहतो. नाव नसलेल्या शाखेला आपला हिस्सा सिद्ध न करता आल्यास, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरील हक्क गमवावा लागतो.

'''पोटकूळ''' : कलम २७ नुसार कुळाने जमीन पोटभाड्याने देण्यास सामान्यतः मनाई आहे. कलम ४ मध्ये मात्र दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणाऱ्यास कूळ मानले आहे. पोटकुळाची वहिवाट 'कायदेशीर' होती काय, यावर अशा वादाचा निकाल फिरतो.

'''जुने व नवे कूळ''' : १५ जून १९५५ रोजी ताब्यात असलेले, परंतु कृषक दिनापूर्वी बेकायदा हुसकावलेले कूळ कलम ३२(१ब) खाली जमीन परत मागू शकते. परंतु ३१ जुलै १९६९ रोजी ती जमीन मालकाच्या किंवा त्याच्या हितवारसाच्या ताब्यात असावी लागते. मालकाने मधल्या काळात दुसरे कूळ बसवले असेल, तर जुन्या कुळास या तरतुदीचा आधार मिळणे कठीण होते.

== निवाड्याची पद्धत ==
एखादी व्यक्ती कूळ आहे किंवा होती काय, हे कलम ७० ब नुसार मामलेदार, म्हणजे आजचे तहसीलदार, ठरवतात. दिवाणी दाव्यात हा मुद्दा निघाल्यास न्यायालयाला कलम ८५ अ नुसार तो त्यांच्याकडे पाठवावा लागतो. वारसा व वाटणी हे मात्र मुख्यतः दिवाणी न्यायालयाचे विषय आहेत. साहजिकच एकच तंटा दोन ठिकाणी विभागला जातो आणि त्याचा निकाल लांबतो. महसुली निर्णयांविरुद्ध अपील व त्यानंतर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज, असे टप्पे आहेत.

== सद्यस्थिती ==
कुळाने खरेदी केलेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर कलम ४३ चे निर्बंध आहेत. खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या ४० पट नजराणा भरून, काही अटींसह, पूर्वपरवानगीविना हस्तांतरणाची मुभा नंतरच्या दुरुस्तीने दिली. विक्रीचा मार्ग असा सुकर झाल्यावर किंवा भूसंपादनाचा मोबदला मिळण्याच्या वेळी जुने वाद पुन्हा डोके वर काढतात. अशा वेळी जुने सातबारा उतारे, फेरफार नोंदी, खंडाच्या पावत्या आणि ३२ ग च्या चौकशीतील जबाब हेच प्रमुख पुरावे ठरतात.