नदीत सोने कुठे थांबते?

झारखंडमध्ये रांचीजवळ उगम पावणाऱ्या सुवर्णरेखेच्या वाळूत सोन्याचे बारीक कण सापडतात आणि काठावरची आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुऊन ते वेचत आली आहेत. हा निव्वळ नशिबाचा खेळ मानला जातो. पण जागा हेरण्यामागे पक्के भौतिकशास्त्र आहे. सोने पाण्यापेक्षा १९.३ पट जड, तर वाळूतली गार अवघी २.६५ पट. त्यामुळे प्रवाहाचा जोर मोडतो तिथे सोने आधी बसते: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, तळखडकाच्या आडव्या भेगांत. मॅग्नेटाइटची जड काळी वाळूही तिथेच साचते, म्हणून तिचा पट्टा दिसला की तिथली वाळू धुऊन पाहावी. अर्थात काळी वाळू ही खूण आहे, हमी नव्हे. वरच्या अंगाला सोने असलेला खडकच नसेल, तर उत्तम वळणही रितेच राहते. चमकीवरही जाऊ नये: अभ्रक सावलीत विझतो, सोने सावलीतही पिवळेच दिसते.

दरवर्षीचा पूर सारे उलथून टाकतो, मग या खुणांचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. पूर कण हलवतो हे खरे. पण ओसरताना तो ते पुन्हा अशाच जागी टाकतो. म्हणून पूर ओसरल्यावरचा शोध सर्वांत फलदायी ठरतो.