बांधावरचं जळण आणि गटाचं ग्रास कटर

आज आपण दोन गोष्टींवर बोलणार आहोत. एक, तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटणारी झाडं बांधावर लावून घरचं जळण कसं पिकवायचं. दुसरी, त्याच बांधाचं गवत काढणारं गटाचं ग्रास कटर वर्षानुवर्षं चालतं कसं ठेवायचं. दोन्ही कामं बाईच्या हातात राहिली पाहिजेत, म्हणून दोन्हींवर एकत्र बोलते.

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. तरी आपल्याकडची चूल विझलेली नाही. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो चहाला, भाजीला पुरवून पुरवून वापरायचा. अंघोळीचं पाणी, बाजरीच्या भाकरी, जनावरांचं आंबोण, कार्याचा स्वयंपाक हे सगळं लाकडावरच. आणि लाकूड येतं बाईच्या डोक्यावरून.

एक हिशेब मांडू. घराला दिवसाला ४ किलो लाकूड लागतं असं धरा. वर्षाचं झालं १४६० किलो, म्हणजे जवळजवळ दीड टन. बावीस-तेवीस किलोची एक मोळी धरली, तर वर्षाला ६५ खेपा. तुमच्या घरी कमी लागत असेल किंवा जास्त. आठवडाभर रोजचं जळण काट्यावर मोजा आणि तुमचा आकडा तुम्ही काढा. किती झाडं लावायची, हे त्या आकड्यावरून ठरेल.

तोडलेलं झाड पुन्हा का फुटतं?

माण, खटाव, आटपाडीच्या बायकांना हे शिकवायला नको. वेडी बाभूळ कितीही तोडा, पावसाळ्यात ती दुपटीनं उठते. कारण सोपं आहे. वरचं खोड गेलं तरी खालची मुळं जिवंत असतात. त्यांत अन्न साठलेलं असतं आणि बुंध्याच्या सालीखाली डोळे झोपलेले असतात. खोड गेलं की ते जागे होतात. मुळं आधीच खोल गेलेली असल्यामुळे हे फुटवे नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगानं वाढतात. म्हणजे एकदा लावायचं आणि पुढची बरीच वर्षं तोडत राहायचं.

ही काही नवी युक्ती नाही. कोकणात भाताच्या रोपाच्या राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या पिढ्यान् पिढ्या तोडत आले आहेत. वनखातंही जंगलाचे भाग पाडून, त्यांना कूप म्हणून, आळीपाळीनं तोड करत आलं आहे. आपण तेच बांधावर करायचं.

मात्र सगळी झाडं अशी फुटत नाहीत. नारळ तोडला की संपला. सुरूचंही तसंच. शेवगा छान फुटतो, पण त्याचं लाकूड मऊ, चुलीत टिकत नाही. शेवरी चाऱ्याला चांगली, पण थोड्या वर्षांत संपते. कोरडवाहू बांधाला दोन झाडं सोयीची: गिरिपुष्प आणि सुबाभूळ. करंज आणि कडुलिंबही फुटतात, पण त्यांना वेळ लागतो.

गिरिपुष्पाला आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात. त्याची मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली तरी जगते. बियांपासून केलेलं रोप मात्र खोल मूळ धरतं, म्हणून कमी पावसाच्या भागात रोपच बरं. त्याचा पाला शेतात कुजवला की उत्तम हिरवळीचं खत होतं.

सुबाभळीचा प्रसार उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेनं १९७० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर केला. तिचं बी कठीण कवचाचं. उकळून थोडं निवलेलं पाणी त्यावर ओतायचं, रात्रभर भिजवायचं आणि सकाळी पिशवीत पेरायचं. शेळ्यांना तिचा पाला आवडतो, पण नुसता सुबाभळीचा पाला घातला तर जनावराचे केस गळतात. एकूण चाऱ्यात तो तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. आणि शेंगा वाळून बी सांडायच्या आत झाड तोडा, नाहीतर सगळ्या रानात सुबाभूळ होईल.

तोड कशी करायची

दोन झाडांत साधारण मीटरभर अंतर ठेवा. लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षं तोडायचं नाही. खोड मनगटाएवढं झालं की तोडीला आलं असं समजा. याच जाडीचं लाकूड आपल्याला हवं असतं. त्याला कुऱ्हाडीनं फोडावं लागत नाही, हातभर तुकडे केले की थेट चुलीत जातं.

तोडीची वेळ होळीच्या आसपासची. लाकडाला वाळायला चैत्र-वैशाखाचं ऊन मिळतं आणि बुंध्याला वळवाचं, पुढे मृगाचं पाणी मिळतं.

उंची किती ठेवायची? कुंपण असेल तर जमिनीपासून फूटभर ठेवून तोडा. बांध उघडा असेल आणि शेळ्या येत असतील तर छातीएवढ्या उंचीवर तोडा, म्हणजे कोवळ्या फुटव्यांपर्यंत तोंड पोचणार नाही. कापलेल्या बुंध्याचं झाड शेळीमुळे मरतं. फुटवा आला की खाल्ला, पुन्हा आला की पुन्हा खाल्ला, असं दोन-तीनदा झालं की मुळांतलं अन्न संपतं.

काप तिरका घ्या, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजणार नाही. कोयता धारदार हवा. बोथट कोयत्यानं ठोकून ठोकून तोडलं की बुंधा चिरतो, साल सुटते, आणि डोळे तर त्या सालीखालीच असतात. जाड खोडाला करवत लावा. आधी खालच्या बाजूनं थोडा काप घ्यायचा, मग वरून कापायचं. त्यानं खोड पडताना साल ओरबाडून नेत नाही.

पावसाळ्यात एका बुंध्याला दहा-पंधरा फुटवे येतात. सगळे ठेवले तर सगळ्या काटक्याच राहतील. तीन-चार महिन्यांनी चांगले जोमदार, चार बाजूंना असलेले तीन-चार ठेवा. बाकीचे काढून शेळ्यांना नाहीतर खताला टाका.

सगळा बांध एकाच वर्षी तोडू नका. चार भाग पाडा आणि दर होळीला एक भाग तोडा. पाचव्या वर्षी पहिला भाग पुन्हा तयार असेल. पहिल्या तोडीला दहा झाडांचं लाकूड वाळवून मोजा. एका झाडाला किती पडलं ते कळेल, आणि घराच्या आकड्याला आणखी किती झाडं लागतील तेही कळेल. जमीन आणि पाऊस गावागणिक वेगळा, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा आपल्या काट्यावर विश्वास ठेवा.

ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते जाळलं की आधी पाणी उकळण्यात आच जाते आणि धूर आपल्या डोळ्यांत, छातीत जातो. दोन दगडांवर आडवी लाकडं टाकून त्यांवर रचा, म्हणजे खालून वारा खेळेल. मृगाआधी छपराखाली घ्या. टोकांना चिरा पडल्या आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटून खणखणीत वाजले की वाळलं. थप्प आवाज आला तर अजून ओलं आहे.

आधी विचारायचं ते

बांध दोघांचा असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. त्याच्या पिकावर सावली पडणार, तर पालाही त्याला द्या. गायरानात लावायचं असेल तर ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या, आणि तोडीचा हक्क कुणाचा तेही त्यात लिहून घ्या. झाडं मोठी झाल्यावर वाद होतात, रोपं असताना कुणी येत नाही.

राज्यात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, हिरडा, खैर, जांभूळ, फणस अशी त्याच्या यादीतली झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जळणासाठी म्हणून या झाडांना हात लावू नका. दुसऱ्या कुठल्या जुन्या झाडाबद्दल शंका असेल तर वनरक्षकाला विचारून मगच कोयता लावा.

आता ग्रास कटर

पहिल्या दोन वर्षांत पुष्कळ रोपं गवतामुळे आणि उन्हाळ्यातल्या वणव्यामुळे मरतात. म्हणून गवत काढणं हे जळणाचंच काम आहे. बऱ्याच गटांकडे पेट्रोलवर चालणारं ग्रास कटर आहे. कर्जाचा हप्ता आपण भरतो, आणि यंत्र कुणाच्या तरी पडवीत गंजत पडतं किंवा गावभर फिरून मोडून परत येतं. काय बिघडलं हे आपल्याला कळत नाही, म्हणून मेकॅनिक सांगेल तो खर्च मान्य करावा लागतो. खरं तर ही यंत्रं बंद पडतात ती मोजक्या कारणांनी.

पहिलं कारण इंधन. यंत्र टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, ते आधी पाहा. इंजिनला ऑइलचं वेगळं झाकण असेल तर ते फोर-स्ट्रोक. त्याच्या टाकीत साधं पेट्रोल घालायचं आणि ऑइलची पातळी वेगळी तपासायची. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत ५० ला १ लिहिलं असेल तर १ लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. अंदाजानं ओतू नका. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण त्यासाठी ठेवा. ऑइल विसरलं तर इंजिन आतून घासून जाम होतं, आणि तो खर्च सगळ्यात मोठा. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या आत संपवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं.

दुसरं कारण एअर फिल्टर. धुळीत काम केलं की रोज संध्याकाळी उघडा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून बसवा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही. हलकेच झटका, फारच मळला तर बदला.

तिसरं कारण प्लग. तो काढून त्याचं टोक पाहा. कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त झालंय किंवा फिल्टर तुंबलाय. दोरी ओढून ओढून पेट्रोलचा वास यायला लागला तर थांबा. स्विच बंद करा, चोक उघडा, प्लग काढून पुसा, दोन-चार वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढा, मग प्लग बसवून पुन्हा चालू करा.

पात्याजवळच्या गिअरपेटीत पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनी ग्रीस भरा. साध्या गवताला नायलॉनची दोरी, जाड तणाला पातं. पण झाडाचे बुंधे या पात्यानं तोडायला जाऊ नका, पातं उसळतं. बुंध्याला कोयता आणि करवतच. रोपाभोवती हातभर जागा सोडून यंत्र चालवा आणि तेवढं गवत खुरप्यानं काढा. नायलॉनची दोरी कोवळी साल सोलते, आणि चारी बाजूंनी साल गेलेलं रोप वाळतंच.

यंत्र चालवताना पदर मोकळा नको. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पदर आणि ओचा घट्ट खोचलेला, वेणी बांधलेली, पायात बूट, डोळ्यांना चष्मा. पंधरा मीटरच्या आत कुणी नको, मुलं तर नकोतच. गुंडाळलेलं गवत काढायचं तर इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा, मगच पात्याला हात. पेट्रोल इंजिन गार झाल्यावर भरा, आणि यंत्र चुलीच्या खोलीत कधीच ठेवू नका.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. प्लग काढून दोन-चार थेंब टू-टी ऑइल सोडा, दोरी सावकाश दोनदा ओढा, प्लग लावा. पात्याला तेलाचा हात फिरवा आणि यंत्र टांगून ठेवा.

यंत्राची एक वही करा. कोणी नेलं, किती तास चाललं, पेट्रोल कोणी भरलं, फिल्टर कधी धुतला, भाडं किती आलं. यंत्राची जबाबदारी दोघींना द्या, एकीला नको. एक बाळंतपणाला किंवा माहेरी गेली तरी काम अडायला नको. आणि दोरी ओढून यंत्र चालू करायला गटातल्या प्रत्येकीनं शिकायचं. यंत्र आपल्या नावावर आणि चालवणारा दरवेळी दुसऱ्याच्या घरचा, असं असलं की बिघाड आपल्या वाट्याला येतो आणि भाडं कुठं गेलं ते कळत नाही.

तर पुढच्या बैठकीला तीन कामं करा. प्रत्येकीनं आठवडाभराच्या जळणाचं वजन लिहून आणा. कुणाच्या बांधावर किती जागा आहे ते मांडा. आणि ग्रास कटर मध्ये ठेवून फिल्टर आणि प्लग सगळ्यांसमोर उघडा, निम्म्या बायकांनी काढा, निम्म्यांनी बसवा. रोपांच्या पिशव्या भरायला उन्हाळा आहे, लावायला मृग आहे.