नदीची किती वळणं ठेवायची?

महाराजपूर म्हणजे जबलपूरचं कटनीकडचं टोक, आधारतालच्याही पुढे. निवृत्तीनंतर इथे घरी बसून मी नकाशांची फुटकळ कामं करतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं फिल्मवर सुईने रेघा कोरण्यात गेली. पन्नास हजारी नकाशावरून अडीच लाखी उतरवताना नदीची कुठली वळणं ठेवायची, कुठली गाळायची, हे हळूहळू हातालाच कळू लागे. पहिल्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर, दुसऱ्यावर २५०. रेघेच्या जाडीतच बुडणारं वळण कोरून काय मिळणार?

संगणकाला हे उपजत कळत नाही. त्याच्या लेखी नदी म्हणजे ओळीने लिहिलेले बिंदू, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश. नकाशा सरकवला की ते बिंदू वाचा, पडद्यावरची त्यांची जागा काढा, रेघ मारा. पुन्हा सरकवला, पुन्हा तेच. मध्य प्रदेशात पन्नास हजारांवर गावं आहेत. सीमेवर दर पाच मीटरला एक बिंदू धरा. सगळं राज्य पडद्यावर आणलं की एका पिक्सेलमध्ये किलोमीटरभर जमीन येते, म्हणजे दोनशे बिंदू एकाच ठिपक्यावर! पंखा घरघरतो, नकाशा अडखळतो आणि डोळ्याला फरक शून्य.

मग बिंदू गाळायचे. सगळ्यात रुळलेली रीत डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्यूकर यांनी १९७३ साली मांडली. ऊर्स रामर यांनी आदल्या वर्षी तीच सुचवली होती. रेघेच्या दोन टोकांमध्ये सुतळी ताणायची आणि तिच्यापासून सर्वांत लांब गेलेला बिंदू शोधायचा. ते अंतर ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर मधले सगळे बिंदू रद्द. जास्त असेल तर तो बिंदू पक्का, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पुन्हा सुतळी. रीत चोख आहे, पण मर्यादा सैल सोडली की भेडाघाटची नर्मदा करवतीसारखी दिसते. नद्यांसाठी मला महेश्वरी विश्वलिंगम आणि व्हायट यांची १९९३ची रीत आवडते. बिंदू आणि त्याचे दोन शेजारी मिळून त्रिकोण होतो. ज्याचा त्रिकोण सर्वांत लहान, तो बिंदू आधी जातो. वळण बोथट होतं, पण वळणच राहतं.

खरी गोम शिवेवर आहे. दोन गावांची शीव एकच, पण फाइलमध्ये ती बहुधा दोनदा लिहिलेली असते, एकेका गावाच्या हद्दीत एकदा. प्रत्येक गाव वेगळं गाळलं तर सुतळी दोन्हीकडे वेगळ्या ठिकाणांहून ताणली जाते. मग कुठे फट पडते, कुठे एक गाव दुसऱ्यात घुसतं. आमच्या पटवाऱ्याने (तुमच्याकडच्या तलाठ्याने म्हणा) असा नकाशा पाहिला तर तो कपाळावर हात मारील. मॅपशेपरसारखं साधन सामाईक रेघ एकदाच धरून गाळतं, म्हणून हद्दी जुळलेल्या राहतात. क्यूजीआयएस तर मूळ फाइलला हात न लावता फक्त पडद्यापुरते बिंदू वगळू शकतं. रोजच्या कामाला मी तेवढंच वापरतो.

मोजमाप मात्र मूळ फाइलवरूनच. भारताचा किनारा दशकानुदशकं ७,५१६ किलोमीटर सांगितला जाई; तो ४५ लाखी नकाशावरून मोजलेला होता. अलीकडे अडीच लाखी प्रमाणावर मोजला तर ११,०९८ किलोमीटर भरला. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ वर गेला. खाड्या आणि बेटांचे कंगोरे हिशेबात आले, एवढंच. दापोलीच्या साडूंनी लगेच फोन केला, “अहो, आमचा किनारा वाढला म्हणे! सातबारा कुणाच्या नावावर?”

त्याच साडूंना मोबाइलवर चटकन उघडेल असा कोकणचा नकाशा हवा होता. गाळला, तेव्हा हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग गेला. त्या प्रमाणावर अख्खं बेट एका पिक्सेलमध्ये मावतं, त्यामुळे नियमाने बरोबरच झालं. पण सुवर्णदुर्गाशिवाय हर्णै दापोलीच्या माणसाला दाखवणार कसं? लहान आकार जाऊ न देण्याची सोय मॅपशेपरमध्ये आहे, पण ती लावली की किनाऱ्यालगतचा एकेक खडकही जागा अडवून बसतो. शेवटी सुवर्णदुर्ग वेगळ्या थरात ठिपका म्हणून घातला आणि खडक जाऊ दिले.